सहा वसाहतींचा एक देश करणारा पाटपाण्याचा मंत्री : आल्फ्रेड डीकिन

आमच्या नात्यातला एक पोरगा मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियाला शिकायला गेला. बापानं दोन एकर द्राक्षबाग सांभाळून त्याला पाठवलं. पोरानं व्हॉट्सॲपला स्टेटस टाकलं, मागं मोठी इमारत आणि तिच्यावर नाव डीकिन युनिव्हर्सिटी. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, हा डीकिन कोण बाबा? मला काही सांगता आलं नाही. बातमीदार म्हणवून घेतो आणि एवढं माहीत नाही, याची जरा लाज वाटली. म्हणून शोधलं, वाचलं. जे सापडलं ते आपल्या कामाचं वाटलं, म्हणून इथं मांडतोय.

हा माणूस पाटपाण्याचा मंत्री होता. पत्रकार होता. भारतात येऊन आपले कालवे बघून गेला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे, एकमेकांकडं पाठ करून बसलेल्या सहा वसाहतींचा एक देश करण्यात त्याचा मोठा वाटा होता.

आधी टीम, मग देश

क्रिकेट बघणाऱ्यांना एक गंमत सांगतो. ऑस्ट्रेलियाची टीम इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळली १८७७ साली, मेलबर्नला. पण तेव्हा ऑस्ट्रेलिया नावाचा देशच नव्हता! देश झाला १ जानेवारी १९०१ ला. म्हणजे टीम आधी, देश २४ वर्षांनी.

तोपर्यंत तिथं इंग्रजांच्या सहा वेगवेगळ्या वसाहती होत्या. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि तास्मानिया. प्रत्येकीचं सरकार वेगळं, विधिमंडळ वेगळं, पोस्टाची तिकिटं वेगळी, जकात वेगळी. भाषा एक, राणी एक, माणसं एकमेकांच्या सोयरिकीतली. तरी नदी ओलांडली की जकात नाका.

आपल्याकडं जकात नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या ते चाळिशीतल्या माणसांना आठवत असेल. तिथं तर मरे नदीच्या या काठावरून त्या काठावर माल न्यायचा तरी कर भरावा लागायचा. व्हिक्टोरियावाले म्हणायचे, बाहेरच्या मालावर कर लावा म्हणजे आपले कारखाने जगतील. न्यू साउथ वेल्सवाले म्हणायचे, व्यापार मोकळा ठेवा. दोघंही हट्टी.

रेल्वेचं तर आणखी नवल. व्हिक्टोरियाचे रूळ ५ फूट ३ इंच रुंदीचे, न्यू साउथ वेल्सचे ४ फूट साडेआठ इंच, क्वीन्सलँडचे ३ फूट ६ इंच. १८८३ साली मेलबर्न आणि सिडनीकडून आलेले रूळ सरहद्दीवर ऑल्बरीजवळ भेटले, पण गाडी पुढं जाईना. प्रवाशानं सामान घेऊन उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं. आपल्या भागातल्या जुन्या लोकांना हे लगेच कळेल. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी होती तेव्हा कुर्डुवाडीला असंच उतरायला लागायचं, पोती या डब्यातून त्या डब्यात टाकायला लागायची. फरक एवढाच, की इथं कुर्डुवाडीच्या दोन्ही बाजूंना देश एकच होता.

डीकिन घडले कसे

आल्फ्रेड डीकिन यांचा जन्म ३ ऑगस्ट १८५६ चा, मेलबर्नचा. आईवडील इंग्लंडातून आलेले, घर मध्यम परिस्थितीचं. एक मोठी बहीण. पोराला वाचायचा भारी नाद. कायदा शिकले, वकिलीची सनद घेतली, पण वकिली काही चालेना. मग मेलबर्नच्या एज या वर्तमानपत्राचे मालक डेव्हिड साइम यांनी त्यांना लिहायला बसवलं. साइम हे तिथलं मोठं प्रस्थ, सरकारं बसवणारे आणि उठवणारे. त्यांनीच या तरुणाला राजकारणात ढकललं.

१८७९ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी डीकिन व्हिक्टोरियाच्या विधानसभेला उभे राहिले आणि ७९ मतांनी निवडून आले. पण एका मतदान केंद्रावर मतपत्रिका संपल्या आणि काही लोकांना मत देता आलं नाही, अशी तक्रार झाली. आता सांगा, आपल्याकडं कोण काय करेल? डीकिन सभागृहात पहिल्यांदा बोलायला उभे राहिले आणि त्याच भाषणात राजीनामा जाहीर केला. शंका ठेवून खुर्चीवर बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर दोनदा पडले. १८८० साली पुन्हा निवडून आले. सत्तावीस वर्षांचे व्हायच्या आत मंत्री.

१८८२ साली त्यांचं लग्न पॅटी ब्राउन यांच्याशी झालं. तीन मुली झाल्या.

पाण्यासाठी अमेरिका, मग भारत

व्हिक्टोरियाच्या उत्तर भागात पाऊस आपल्या माण-सांगोल्यासारखा. आला तर आला. लोकांनी जमिनी घेतल्या आणि दुष्काळानं होरपळले. पाण्याचा विषय डीकिन यांच्याकडं आला. ते १८८५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले, तिथली पाटबंधाऱ्याची कामं बघितली आणि परत येऊन १८८६ साली कायदा केला. त्यातली मुख्य गोष्ट आपण समजून घेण्यासारखी आहे. नदीचं पाणी काठावरच्या जमीनमालकाचं नाही, ते सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं. काठावर शेत आहे म्हणून वाट्टेल तेवढं उपसायचं, हा जुना इंग्रजी हिशेब त्यांनी मोडायला घेतला.

कॅलिफोर्नियातून चॅफी बंधूंना बोलावलं आणि मरे नदीकाठी मिल्ड्युरा इथं उजाड माळावर पंपानं पाणी उचलून वसाहत उभी केली. पुढं १८९५ साली चॅफींची कंपनी बुडाली, शेतकरी अडचणीत आले, डीकिन यांच्यावर टीकाही झाली. पण गाव टिकलं. आज मिल्ड्युराचा भाग बेदाण्यासाठी ओळखला जातो. आपल्या सांगली-पंढरपूरच्या बेदाणावाल्यांनी हे नाव ऐकलंही असेल.

१८९० साली त्यांचं सरकार पडलं आणि ते मोकळे झाले. मग एज पत्रानं त्यांना भारतात पाठवलं, इथली सिंचनाची कामं बघायला. उत्तरेतले मोठे कालवे बघितले, शेती बघितली, देवळं आणि मकबरे बघितले. परत जाऊन लेख लिहिले आणि १८९३ साली त्याची दोन पुस्तकं निघाली. एक भारतातल्या सिंचनावर, दुसरं इथल्या मंदिरांवर आणि थडग्यांवर. गोरा साहेब कालव्याच्या बांधावर उभा राहून आपल्याकडून शिकून गेला, हे मला विशेष वाटलं. पण या भारतप्रेमाची दुसरी बाजूही आहे. ती पुढं सांगतो.

एक व्हायचं कशाला?

आता मुख्य प्रश्न. सहा वसाहती आपापल्या घरी सुखी होत्या, तर एक व्हायची गरज काय?

पहिलं कारण, भीती. १८८३ साली क्वीन्सलँडनं उत्तरेकडचं न्यू गिनी बेट घ्यायचा प्रयत्न केला. लंडननं तो मानला नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीनं त्या बेटाचा ईशान्य भाग घेतला. दुसरीकडं न्यू हेब्रिडीजमध्ये फ्रेंच हातपाय पसरत होते. एकेकटी वसाहत लंडनला काही सांगायला गेली तर कोण ऐकतो? १८८७ साली लंडनच्या परिषदेत डीकिन यांनी तिथल्या पंतप्रधानांसमोर याच विषयावर रोखठोक बोलून दाखवलं. वय तेव्हा तीस. वर सरकारनं सर ही पदवी देऊ केली, ती घेतली नाही. १८८९ साली एका इंग्रज जनरलनं पाहणी करून सांगितलं, की सहा वेगळ्या फौजांचा उपयोग नाही, एकत्र करा.

दुसरं कारण, खिसा. जकात, दोन दोन करखाती, रेल्वेचे वेगळे रूळ यात व्यापारी आणि शेतकरी दोघंही भरडत होते. त्यात १८९३ साली बँका बुडाल्या. मेलबर्नमध्ये जमिनीचे भाव फुगले होते ते फुटले. खुद्द डीकिन यांची पुंजी गेली, वडिलांचीही गेली. काही बुडालेल्या कंपन्यांत त्यांचं नाव होतं, त्याची त्यांना टोचणी लागली. पुन्हा कोट चढवून वकिली केली आणि कर्ज फेडलं. त्या दहा वर्षांत त्यांनी मंत्रिपद घेतलं नाही. एकच काम धरलं, वसाहती जोडायचं.

तिसरं कारण, नवी पिढी. तिथंच जन्मलेले लोक वाढले होते. त्यांना व्हिक्टोरियावाला म्हणवून घेण्यापेक्षा ऑस्ट्रेलियावाला म्हणवून घ्यावंसं वाटायला लागलं. क्रिकेटनं ते आधीच केलं होतं.

पण कारणं असली म्हणून एकी होत नाही. बांधाला बांध असलेल्या दोन भावांनाही एक विहीर पाडायची म्हटलं तर चार वर्षं जातात, हे आपण बघतोच.

बैठका, भांडणं आणि मतदान

न्यू साउथ वेल्सचे म्हातारे नेते हेन्री पार्क्स यांनी १८८९ साली हाक दिली. १८९० साली मेलबर्नला आणि १८९१ साली सिडनीला नेत्यांच्या परिषदा झाल्या. घटनेचा मसुदाही झाला. आणि तो कपाटात पडून राहिला. नेत्यांना आपापली गादी सोडवेना.

मग १८९३ साली मरेकाठच्या कोरोवा गावात वेगळीच गोष्ट घडली. जकातीनं वैतागलेल्या काठच्या लोकांनी बैठक घेतली. तिथं जॉन क्विक नावाच्या वकिलानं तोडगा काढला. प्रतिनिधी लोकांनी निवडायचे, त्यांनी घटना लिहायची आणि मग ती पुन्हा लोकांच्याच मतदानाला टाकायची. पुढाऱ्यांच्या हातातून विषय लोकांच्या हातात आला. आणि तिथून गाडी हलली.

१८९७-९८ मध्ये ॲडलेड, सिडनी आणि मेलबर्न इथं निवडून आलेल्यांची परिषद झाली. भांडणं जोरदार. लहान वसाहतींना भीती, की मोठ्या दोघी आपल्याला गिळतील. मोठ्यांना राग, की मूठभर लोकांच्या तास्मानियाला आपल्याइतकीच किंमत कशाला? तोडगा असा निघाला, की खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणं जागा आणि वरच्या सभागृहात प्रत्येकाला सारख्या सहा.

पैशाचं भांडण तसंच. जकात केंद्राकडं गेली तर वसाहतींनी खायचं काय? ठरलं, की दहा वर्षं त्या उत्पन्नाचा तीन चतुर्थांश हिस्सा राज्यांना परत द्यायचा. आपल्याकडं २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यांना पाच वर्षं भरपाई द्यायचं ठरलं होतं, तसलाच हा प्रकार.

आणि पाणी! मरे नदी जवळपास अडीच हजार किलोमीटर लांब. सरहद्दीवर तिचं पाणी कायद्यानं न्यू साउथ वेल्सचं. व्हिक्टोरियाला ते शेतीला पाहिजे. शेवटी टेलला बसलेल्या साउथ ऑस्ट्रेलियाला नदीत बोटी चालवायला पाहिजे. परिषदेत या एका विषयावर कित्येक दिवस गेले. शेवटी घटनेत एवढं लिहिलं, की सिंचनासाठी नदीच्या पाण्याचा वाजवी वापर करायचा राज्यांचा हक्क केंद्र सरकार व्यापाराच्या कायद्यानं काढून घेणार नाही. वाजवी म्हणजे किती, ते नंतरवर सोडलं. नंतर मोठा दुष्काळ पडला, आणि तरीही १९१४ साल उजाडलं तेव्हा कुठं पाणीवाटपाचा करार झाला. म्हणजे देश आधी झाला, पाण्याचा निकाल मागून. पण देश झाला नसता तर निकाल लावायला एका टेबलाला कोण बसलं असतं?

या सगळ्या भांडणांत डीकिन यांचं काम होतं मध्यस्थाचं. ते गोड बोलायचे, उंचेपुरे, बोलायला लागले की धबधबा. पण खरं काम सभागृहाबाहेर करायचे. रुसलेल्याला समजावणं, चिठ्ठ्या लिहिणं, दोघांना एका जेवणाला बसवणं. नाव पार्क्स आणि बार्टन यांचं झालं, जोडणी यांची.

मार्च १८९८ मध्ये मात्र ते पुढं आले. मतदान तोंडावर होतं, एज पत्र कुरकुरत होतं, व्हिक्टोरियाचे पंतप्रधान डळमळत होते. बेंडिगो गावात तिथंच जन्मलेल्या तरुणांच्या संघटनेचं जेवण होतं. रात्र झाली होती. डीकिन उभे राहिले आणि सांगितलं, की मसुद्यात कमी-जास्त आहे, पण ही वेळ गेली तर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. पोरं पेटली. त्या रात्रीनंतर व्हिक्टोरियाचं वारं फिरलं.

१८९८ च्या मतदानात न्यू साउथ वेल्समध्ये बाजूनं सुमारे ७१ हजार ६०० मतं पडली, विरोधात ६६ हजार २००. जिंकले म्हणायचं, तर नाही! तिथल्या विधिमंडळानं अट घातली होती, की किमान ८० हजार मतं बाजूनं पाहिजेत. सगळं अडकलं. मग पंतप्रधान एकत्र बसले, काही सवलती दिल्या. राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये करू, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब, असंही ठरलं. १८९९ ला पुन्हा मतदान झालं आणि १ लाख ७ हजारांवर मतं पडली. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया सगळ्यात शेवटी, जुलै १९०० मध्ये तयार झालं. न्यूझीलंडवाले सुरुवातीच्या बैठकांना येऊन गेले, पण हिशेब जमला नाही म्हणून बाहेरच राहिले. म्हणजे एक होणं हे काही कपाळी लिहिलेलं नव्हतं.

१९०० साली मसुदा घेऊन डीकिन, बार्टन, किंग्स्टन वगैरे मंडळी लंडनला गेली. तिथल्या मंत्र्याला त्यात बदल पाहिजे होते, शेवटचं अपील लंडनलाच यावं असा आग्रह होता. आठवडे घासाघीस झाली. तडजोड झाल्याचं कळलं तेव्हा हे तिघं मोठे गडी खोलीत एकमेकांचे हात धरून गोल नाचले. ही हकिगत डीकिन यांनीच लिहून ठेवली होती. ती ते गेल्यावर, १९४४ साली छापून आली.

पंतप्रधान आणि गुपचूप बातमीदार

१ जानेवारी १९०१ ला सिडनीच्या सेंटेनियल पार्कात नवा देश जाहीर झाला. लोकसंख्या जेमतेम ३७-३८ लाख. बार्टन पहिले पंतप्रधान, डीकिन कायदामंत्री. पुढं डीकिन तीनदा पंतप्रधान झाले, १९०३, १९०५ आणि १९०९ साली. उच्च न्यायालय, कामगार-मालक तंट्याचं न्यायालय, म्हातारपणाची पेन्शन, स्वतःचं आरमार, या सगळ्यांचा पाया त्या दहा वर्षांत घातला गेला.

आता माझ्यासारख्या बातमीदाराला हसू येईल अशी गोष्ट. १९०१ पासून लंडनच्या मॉर्निंग पोस्ट पत्रात ऑस्ट्रेलियाची खबर देणारी पत्रं यायची. लिहिणाऱ्याचं नाव नाही. त्यात डीकिन यांच्यावर टीकाही असायची. आणि लिहिणारे होते स्वतः डीकिन! पंतप्रधान असतानाही लिहीत होते आणि मानधन घेत होते. हे बरोबर की चूक, तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर चूक. आपल्याच सरकारची बातमी आपणच नाव लपवून द्यायची, हे आमच्या धंद्यात बसत नाही.

ज्यांना बाहेर ठेवलं

आता ती दुसरी बाजू. नव्या देशानं पहिल्याच वर्षी कायदा केला, की गोऱ्याशिवाय कुणी इथं राहायला यायचं नाही. कायद्यात तसं थेट लिहिलं नाही. बंदरावर उतरणाऱ्याला कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा लिहायला सांगायचे. इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढायची. माणूस नापास झालाच पाहिजे, अशी ती परीक्षा. ब्रिटिशांची प्रजा असलेल्या भारतीयांनाही हाच नियम. या कायद्याची बाजू सभागृहात जोरात मांडणाऱ्यांत डीकिन होते. ज्यांनी आपले कालवे बघितले, आपली देवळं बघितली, त्यांनीच आपल्या माणसाला दार बंद केलं.

आणि हजारो वर्षांपासून तिथं राहणारे आदिवासी? घटनेत लिहिलं, की लोकसंख्या मोजताना त्यांना धरायचं नाही. जनावरं मोजली जायची, माणसं नाही. हे कलम जायला १९६७ साल उजाडलं. गोऱ्यांपुरता देश हे धोरण तर १९७३ ला पूर्ण संपलं. म्हणून आमचा तो पोरगा आज त्याच नावाच्या विद्यापीठात वर्गात बसलाय. २०२४ ला तर या विद्यापीठानं गुजरातेत गिफ्ट सिटीत शाखाही काढली. डीकिन साहेबांना हे दिसलं असतं तर काय वाटलं असतं कुणास ठाऊक.

शेवट

१९०९ साली डीकिन यांनी जुन्या विरोधकांशी हातमिळवणी करून सरकार केलं. जुने साथी दुखावले, दगाबाज म्हणाले. १९१० ला हरले. त्याच सुमारास त्यांची आठवण जायला लागली. ज्या माणसाचं सगळं आयुष्य शब्दांवर उभं, त्याला शब्द आठवेनात. १९१३ ला राजकारण सोडलं. ७ ऑक्टोबर १९१९ ला मेलबर्नला वारले, वय ६३.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढं आमची चारी होती. पाच गावं एका चारीवर. हेडवाल्याला पाणी, टेलवाल्याला तारीख. माझं शेत टेलला. पाणी वापर संस्था एक करायची म्हणून आठ वर्षं बैठका चालल्यात. प्रत्येक गावाला वाटतं, एक झालो की दुसरं गाव आपल्याला खाईल. दरवेळी कुणीतरी उठून जातं आणि पाळी पुन्हा चुकते.

डीकिन यांच्या गोष्टीतून मला तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटल्या. वेगळं राहण्याचा तोटा आधी कागदावर मांडा, मगच माणसं जवळ येतात. लहानाला त्याचा हक्क लेखी द्या, नुसत्या शब्दावर कुणी येत नाही. आणि नेते अडले तर विषय गावसभेत न्या, कोरोवाच्या लोकांनी नेला तसा.

चौथी गोष्ट त्यांच्या चुकीतून घ्यायची. एक होताना यादीतून कुणाचं नाव वगळलं, ते बघा. आमच्या चारीवर कुळानं आणि वाट्यानं कसणारे, गायरानाच्या कडेला राहणारे, यांचं नाव अजून एकाही बैठकीच्या वहीत नाही. पुढच्या बैठकीत पहिला मुद्दा तोच मांडणार आहे. बघू, कोण कोण बसून राहतंय.